शेवटची बस साडेपाचची, प्रॅक्टिस पाचची

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्याच्या टपालात कॉलेजची पत्रं जास्त आलीत आणि कारण उघड आहे, युवारंग (आपल्या विद्यापीठाचा युवक महोत्सव), गॅदरिंग, राष्ट्रीय सेवा योजनेचे म्हणजे एनएसएसचे कॅम्प सगळं एकामागोमाग येतं, मग ज्याला घेतलं तो धावपळीत आणि ज्याला नाही घेतलं तो नाराज. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतनं लिहिलंय तुम्ही. नावं मी सगळ्यांचीच काढून टाकलीत. खान्देशातल्या कॉलेजांत मी बरीच वर्षं शिकवलं, सांस्कृतिक विभाग सांभाळला, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि काही उत्तरं लांबणारेत, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : ताई, मी एस.वाय.बी.ए.ला आहे, चोपड्यापासून आत एक खेडं आहे तिथून रोज बसने येते. आमची स्किट युवारंगला जाणारे, सरांनी मला घेतलं पण होतं. पण प्रॅक्टिस पाचला चालू होते, सरांचे तास तेव्हा संपतात ना, आणि आमच्या गावाची शेवटची बस साडेपाचची. एक-दोनदा काका मोटरसायकल घेऊन आले, मग पप्पा म्हणे बस झालं आता. माझ्या जागी कॉलेजच्या गावातच राहणाऱ्या दुसऱ्या मुलीला घेतलंय. मला खूप राग येतो पण कोणावर काढू तेच कळत नाही. (विद्यार्थिनी, चोपडा तालुका)

उत्तर : राग यायलाच पाहिजे गं. फक्त तो पप्पांवर नको काढू आणि त्या दुसऱ्या मुलीवर तर अजिबात नको, तो टाइमटेबलवर काढ.

आपल्याकडचं कॉलेज म्हणजे काय, तर तालुक्याच्या ठिकाणी एक इमारत आणि आजूबाजूच्या तीस-चाळीस खेड्यांतनं एसटीनं येणारी पोरं. चोपडा घे, यावल घे, शिंदखेडा घे, शहादा घे, सगळीकडे तेच. सकाळी डेपोतनं गाड्या येतात तेव्हा कॉलेज भरतं आणि दुपारी गाड्या निघतात तेव्हा कॉलेज रिकामं होतं. आणि नाटक, गाणं, वक्तृत्व, जे जे म्हणून शिकण्यासारखं आहे ते सगळं आपण ठेवलंय कॉलेज रिकामं झाल्यावर! मग स्टेजवर कोण दिसणार, ज्यांचं घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आहे तेच. वर्षानुवर्षं तेच चेहरे दिसतात आणि मग स्टाफरूममध्ये बोललं जातं की खेड्यातल्या मुली पुढं येत नाहीत. येतात, आपण त्यांना बसस्टँडवर पाठवून देतो.

आता काय करायचं ते नीट वाच. तू एकटी नाहीस हे आधी कागदावर आण. तुझ्या बसला अजून कोण कोण आहे, कोणाला गाता येतं, कोण कबड्डी खेळते, कोणाला नाचायचंय, अशा दहा-बारा मुलींच्या सह्या घे आणि प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिही, प्रत विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना. हा अधिकारी प्रत्येक कॉलेजात असतो, तुमच्यातल्याच कुठल्यातरी सरांकडे किंवा मॅडमकडे ते काम दिलेलं असतं, ऑफिसात विचार. अर्जात रडगाणं नको, मागणी लिही : प्रॅक्टिस बाराच्या पुढं किंवा मधल्या ऑफ तासाला घ्यावी आणि त्या वेळचे तास बुडाले तर हजेरी मिळावी. हजेरीचं लेखी घेच, कारण पंचाहत्तर टक्क्यांचा हिशोब मार्चमध्ये निघतो आणि तेव्हा कोणाला काही आठवत नसतं.

सर म्हणतील दिवसा जमत नाही. तर त्यांना शांतपणे सांग की स्किट असते दहा मिनिटांची आणि माणसं सहा. दहा मिनिटांच्या गोष्टीला रोज तीन तास लागत नाहीत, लागतो तो रोजचा पाऊण तास पण सगळे हजर असलेला. सर दिवसा मोकळे नसतील तर संवाद पाठ करणं, जागा बसवणं, एन्ट्री-एक्झिट हे तुम्ही सहा जणी दिवसा करा आणि सरांनी शनिवारी येऊन बघावं. मी असं होताना पाहिलंय आणि चांगलं होतं, कारण मुली स्वतः बसवतात तेव्हा त्यात त्यांचं बोलणं येतं, सरांचं नाही.

पप्पांचं म्हणशील तर त्यांची भीती रस्त्याची आहे, नाटकाची नाही. अंधारात मोटरसायकलवर आपल्या पोरीला आणायचं म्हणजे कोणत्याही बापाचा जीव वर-खाली होणारच. मॅडमना घरी फोन करायला सांग, टीम बाहेरगावी जाईल तेव्हा सोबत कोणत्या मॅडम आहेत त्यांचं नाव-नंबर पप्पांना आधीच दे, मुली जिथं उतरणार ते ठिकाण कुठलं तेही सांग. मुलींच्या टीमसोबत बाई शिक्षक असायलाच हवी, हे मागायला लाजायचं नाही. आणि पप्पांना, आईला एकदा तालीम बघायला बोलाव, दिवसाच.

खर्चाचंही बोलून घे. तुझा एसटीचा विद्यार्थी पास, तिकिटात ६६.६६ टक्के सवलत मिळते तो, तो घर ते कॉलेज एवढ्याच रस्त्याचा. युवारंगला दुसऱ्या गावी जाताना तो चालणार नाही. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्ध तिकीट आहे ते चालेल, पण तेवढे पैसे तरी मुलींनी घरून का आणायचे, कॉलेजची टीम आहे तर प्रवास नि जेवण कॉलेजनं द्यावं, अर्जातच लिहून टाक.

युवक महोत्सवात एकट्यानं करायचे प्रकार पण असतात, वक्तृत्व, स्पॉट पेंटिंग, रांगोळी, व्यंगचित्र, मातीकाम, मिमिक्री. पेंटिंग आणि मातीकामाला जागेवर अडीच तास मिळतात, सराव घरी होतो, बसची भानगड नाही. पण हे मी तुला स्किटच्या बदल्यात म्हणून सांगत नाहीये. स्किट तुझी आहे, ती माग. यावर्षी जागा गेली असेल तर पुढच्या वर्षीची आत्ताच माग.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, नवीन आहे म्हणून कार्यक्रम समिती माझ्याकडे आलीये. पाहुणे लांबून येतात आणि हॉलमध्ये पंधरा पोरं. मग प्राचार्य म्हणतात वर्गातनं उठवून आणा, शिपाई जातो, पोरं येतात आणि मागं बसून रील बघतात. पाहुण्यांसमोर मान खाली जाते. आजकालच्या पोरांना कशातच रस नाही का? (प्राध्यापक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सर, रस आहे. हीच पोरं श्रावणात गावात कानबाई बसते, आपल्याकडचा देवीचा सण, तेव्हा बघा, रात्र रात्र जागतात. गणपतीत वर्गणी, मंडप, लायटिंग, जनरेटर, विसर्जनाची परवानगी सगळं तेच करतात, रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियमसुद्धा पोलीस येण्याआधी त्यांना पाठ असतो. तिथं कोणी शिपाई पाठवत नाही. तिथं त्यांच्या हातात काम असतं आणि निर्णय पण असतो, म्हणून ते येतात. कॉलेजात आपण त्यांच्या हातात काय देतो तर खुर्ची, ती पण मागची.

तर पहिल्यांदा हॉल भरायचा विचार सोडा. खरंच सोडा. तीस पोरांची एक टीम करा आणि पुढचे दोन कार्यक्रम पूर्ण त्यांच्यावर टाका, पाहुणा कोण इथपासून. तुम्ही नुसतं बजेट आणि तारीख सांगा. ते कोणाला बोलावतील ते बघून तुम्हाला नवल वाटेल. केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करणारी बाई बोलावतील, जळगावच्या सराफ्यातला दागिने घडवणारा कारागीर, गावातनं पहिल्यांदा फौजदार झालेली मुलगी, सातपुड्यात शाळा चालवणारा माणूस. आपण बोलावतो ते बहुतेक ओळखीतले, संस्थाचालकांच्या पाहण्यातले आणि विषय "व्यक्तिमत्त्व विकास". त्यात पोरांचा काय दोष?

दुसरं, कार्यक्रमाची पत्रिका हातात घ्या आणि घड्याळ लावून बघा. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, बुके (तो पण संचालकांपासून शेवटच्या सदस्यापर्यंत), प्रास्ताविक, परिचय, मग पाहुणे, मग अध्यक्षीय, मग आभार. दोन तासांत पाहुण्याला मिळतात पंचवीस मिनिटं आणि प्रश्नांना शून्य. सत्कार केबिनमध्ये उरका. हॉलमध्ये आल्यावर एक मुलगी दोन वाक्यांत ओळख करून देईल, पाहुणे चाळीस मिनिटं बोलतील आणि नंतरचा सगळा वेळ पोरांचा. उभं राहून विचारायला लाज वाटते म्हणून आधीच चिठ्ठ्या फिरवा, अहिराणीत लिहू द्या, पावरीत (पावरा समाजाच्या बोलीत) लिहू द्या, वाचून दाखवणारा पोरांपैकीच एक ठेवा. माझा अनुभव असा आहे की चिठ्ठीत पोरं जे विचारतात ते माईकवर कधीच विचारत नाहीत, पगार किती मिळतो, जात विचारतात का तिकडे, इंग्रजी नाही आलं तर काय, आणि पाहुणे पण मग खरं बोलायला लागतात.

तिसरं, तारखा. तुमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला अर्धा वर्ग शेतात असतो, दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला आणि गुजरातकडे कामाला जातात, पोरं घरची गुरं-लेकरं सांभाळतात. त्या दिवसांत परिसंवाद ठेवला आणि पोरं आली नाहीत तर त्याला अनास्था म्हणू नका. मोठे कार्यक्रम पाऊस लागल्यावर जुलै ते सप्टेंबरमध्ये घ्या आणि वेळ अकरा ते एक.

आणि जयंत्या-पुण्यतिथ्या आहेतच तर त्यांचंच सोनं करा ना. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले, शाळकरी पोरं होती ती, तुमच्या एफवायच्या पोरांपेक्षा लहान. त्या दिवशी फोटोला हार घालण्याऐवजी पाच विद्यार्थ्यांना आठवडाभर आधी तो विषय द्या, वाचायला लावा, आणि त्यांनीच बाकीच्यांना स्मारकापाशी नेऊन उभं राहून सांगावं. धुळ्याच्या जेलमध्ये १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. धुळ्याच्याच राजवाडे संशोधन मंडळात जुनी हस्तलिखितं आजही बघायला मिळतात. हे सगळं एक-दोन गाड्यांच्या अंतरावर आहे आणि आपली पोरं पदवी घेऊन जातात तरी त्यांनी ते पाहिलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमचं स्वतःचं. तुम्हाला पैसे मिळतात तासाचे आणि समितीचं काम बिनपैशाचं, नवीन आहे म्हणून गळ्यात टाकलेलं. हे बरोबर नाही आणि मी ते बरोबर आहे असं म्हणणार नाही. निदान समितीचा लेखी आदेश मागा, त्यात कायम नोकरीतला एक प्राध्यापक तुमच्यासोबत घ्यायला लावा आणि विद्यार्थी सदस्यांची नावं पण टाकायला लावा. पोरांची नावं नोटीस बोर्डावर लागली की निम्मं काम तेच करतात.

प्रश्न : ताई, आमना घरमा समदा अहिराणी बोलतस. एकांकिका अहिराणीमा करानी शे, पण काही पोरं म्हणतस परीक्षकस्ले समजाव नही, मार्क कटतीन. काय करानं? आणि आमच्या ग्रुपमधले काही जण लोकनृत्यात सातपुड्याची होळी बसवायची म्हणताय, ते चालेल ना? (विद्यार्थी, साक्री)

उत्तर : करा, बिनधास्त करा. ज्या विद्यापीठाच्या महोत्सवात तुम्ही उतरणार त्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि आपल्या बोलीतच ओव्या रचणाऱ्या बाईंचं. तिथं बोलीला कोणी कमी लेखत असेल तर त्यालाच विचारायला हवं. जिल्ह्याच्या आणि विद्यापीठाच्या पातळीवर अहिराणी कळणारं कोणीतरी परीक्षकांत असतंच. पुढं जिंकून राज्याच्या इंद्रधनुष्यमध्ये किंवा झोनल महोत्सवात गेलात तर एकांकिकेचा सारांश हिंदीत नाहीतर इंग्रजीत आधी द्यायची पद्धत आहे, तो तयार ठेवा. वक्तृत्व, वादविवाद याला मात्र भाषा ठरवून दिलेली असते, त्या-त्या वर्षीची नियमावली वाचल्याशिवाय नाव देऊ नका. बाकी परीक्षकाला शब्द नाही कळला तरी ताल कळतो, भांडण कळतं, रडू कळतं. कच्ची एकांकिका कोणत्याही भाषेत पडते, तेवढी भीती बाळगा.

आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, कानबाईची गाणी घेणार असाल तर ती यूट्यूबवरनं उचलू नका. आजीकडे बसा, मावशीकडे बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, कोणी म्हटली, कोणत्या गावची, हे वहीत लिहा आणि स्टेजवरनं त्या बाईचं नाव घ्या.

होळीचं मात्र थांबा जरा. काठी गावची होळी, तिकडच्या सगळ्या होळ्या, त्यात जी माणसं अंगाला रंग लावून, कमरेला भोपळे-घुंगरं बांधून नाचतात त्यांनी त्यासाठी व्रत धरलेलं असतं, ते दिवस पाळलेले असतात. ती वेशभूषा नाहीये, ती त्यांची देवाची गोष्ट आहे. भाड्याच्या दुकानातनं तसले कपडे आणून उड्या मारणं मला पटत नाही, कितीही बक्षिसं मिळाली तरी. तुमच्याच कॉलेजात अक्कलकुवा, धडगाव, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातली भिल्ल, पावरा, कोकणा, मावची पोरं आहेत ना? त्यांना विचारा की यातलं काय स्टेजवर नेण्यासारखं आहे आणि काय नाही. नेण्यासारखं बरंच निघेल, लग्नातले नाच आहेत, ढोलाचे वेगळे ठेके आहेत, पण तेव्हा नाच बसवणारे तेच असतील आणि पुढच्या रांगेत पण तेच, तुम्ही मागं. ते नाही म्हणाले तर विषय बंद.

प्रश्न : मुलगा एफवायला आहे, एनएसएसमध्ये नाव दिलंय. आता सात दिवस कुठल्या खेड्यात कॅम्पला जाणार म्हणतो, झाडू मारायला आणि खड्डे खणायला. घरच्या शेतात हात लावत नाही आणि तिकडे फावडं घेणार! अभ्यास बुडतो तो वेगळाच. पाठवू का? (पालक, पारोळा)

उत्तर : पाठवा भाऊ. घरच्या शेतात हात लावत नाही हे दुःख मला कळतं, पण बरेचदा पोरगा बाहेर फावडं धरायला शिकतो आणि मग घरचं पण धरतो.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, तेव्हा देशातली ३७ विद्यापीठं आणि चाळीस हजार विद्यार्थी होते. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांचे २४० आणि एक सात दिवसांचं शिबिर, एवढं केलं की प्रमाणपत्र मिळतं. नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला क्रेडिट पण आलेत, म्हणजे अभ्यास बुडतो असं आता म्हणताच येत नाही, हा अभ्यासातच धरलाय. शिबिरात सकाळी श्रमदान असतं, शोषखड्डे, वनराई बंधारे, दुपारी कोणाचं तरी व्याख्यान किंवा गावात सर्व्हे, रात्री कार्यक्रम. स्वयंपाक पोरंच करतात, त्यामुळे भाकरी थापायला नाहीतर निदान पीठ मळायला तरी शिकून येईल.

तुम्ही विचारायचं ते एवढंच : झोपायची जागा कुठं, पाणी कुठलं, रात्री सोबत कोणते सर, विहिरीवर-धरणावर पोरांना मोकळं सोडणार नाही ना. पोहता येत नसताना पाण्यात उतरलेली पोरं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, म्हणून हे नक्की विचारा. आणि शेवटच्या दिवशी समारोपाला स्वतः जा, त्यानं काय केलं ते त्यालाच दाखवू द्या.

प्रश्न : आमच्या कॉलेजात निवडणुका का होत नाहीत? वडील सांगतात त्यांच्या वेळी व्हायच्या. आम्हाला मत द्यायचा अधिकार आहे, आमदार निवडू शकतो पण जी.एस. (विद्यार्थ्यांचा सरचिटणीस) नाही. (विद्यार्थी, धुळे)

उत्तर : तुझा मुद्दा अगदी खरा आहे. महाराष्ट्रात कॉलेजच्या खुल्या निवडणुकांत मारामाऱ्या, खुनापर्यंत गोष्टी गेल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या बंद होऊन मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. मग २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कलम ९९ खाली विद्यार्थी परिषद आणि निवडणूक पुन्हा आली, कागदावर. तारखा येतात आणि पुढं ढकलल्या जातात. २००६ च्या लिंगडोह समितीनं नियम पण घालून दिलेत, उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, पदवीच्या विद्यार्थ्याचं वय १७ ते २२, हजेरी पुरेशी हवी, छापील पोस्टर नाही. म्हणजे मारामारी होईल म्हणून नकोच, हे कारण मला मान्य नाही. वर्गात पहिला आलेला मुलगा संडासला पाणी नाही म्हणून प्राचार्यांशी भांडेलच असं नाही, ते काम वेगळं आहे आणि ते मतानंच ठरायला हवं.

तोवर हात बांधून बसू नकोस. प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, तिच्यात विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव यांना जागा आहे. नॅक, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी संस्था, तिच्यासाठी आयक्यूएसी नावाची गुणवत्ता समिती असते, तिच्यात पण विद्यार्थी घ्यायचा असतो. तुमच्याकडून त्या खुर्चीवर कोण बसतं, बैठक कधी झाली, इतिवृत्तात काय लिहिलंय, हे लेखी विचार. बऱ्याच ठिकाणी ज्याचं नाव आहे त्या मुलालाच माहीत नसतं की आपण सदस्य आहोत! आणि आपल्या वर्गापुरतं मतदान घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, चिठ्ठ्या टाकून सीआर (वर्गप्रतिनिधी) निवडा, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि दर महिन्याला त्यांना सगळ्यांसमोर हिशोब विचारा.

प्रश्न : मी एका कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं. तेव्हापासून समितीतला एक सिनियर रात्री मेसेज करतो, माझे स्टेजवरचे फोटो झूम करून पाठवतो. बोलले तर पुढच्या कार्यक्रमात घेणार नाहीत. (नाव-गाव नको)

उत्तर : तुझी काहीही चूक नाही, हे पहिलं. एकही मेसेज डिलीट करू नको, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून एका मैत्रिणीला किंवा बहिणीला पाठवून ठेव. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं ती असावीच लागते आणि तिची अध्यक्ष बाईच असते, नावं दर्शनी भागात लावलेली असायला हवीत. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार दे, एकटीला जायचं नसेल तर विश्वासाच्या मॅडमना सोबत ने. नाव गुप्त ठेवायचं बंधन समितीवर आहे. धमकी आली, पाठलाग झाला तर सरळ ११२. सिनियर म्हणून त्रास देत असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ पण आहे, चोवीस तास. आणि कार्यक्रमातनं काढलं तर तेही तक्रारीत लिही, त्याला सूड म्हणतात.

हे वाचणाऱ्या प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे, विद्यार्थी समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलींचे नंबर टाकण्याआधी त्यांना विचारा आणि ग्रुपमध्ये एक मॅडम ठेवा.

प्रश्न : मी पहाटे पेपर टाकतो, मग कॉलेज, मग रात्री नऊपर्यंत मेडिकलवर काम. घरी मीच कमावता आहे. सगळे युवारंगचे स्टेटस टाकतात ते बघून वाटतं आपलं कॉलेज नुसतं सही करून निघून चाललंय. माझ्यासारख्यानं काय करावं? (विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर : बेटा, आधी कॉलेजात "कमवा आणि शिका" योजना आहे का ते विचार. लायब्ररीत, ऑफिसात, बागेत तासावर काम मिळतं, पैसे मेडिकलपेक्षा कमी असतील पण काम कॉलेजच्या आवारात असतं आणि एक पाळी जरी तिकडनं निघाली तरी संध्याकाळ थोडी मोकळी होईल. फी, शिष्यवृत्तीचं काही अडलं असेल तर तेही त्याच टेबलवर बोल.

आणि भाग घ्यायचा म्हणजे स्टेजच हवं असं कुठं आहे? तू रोज पहाटे शहरातले सगळे पेपर हाताळतोस, हे तुझ्या वर्गात दुसऱ्या कोणाकडे नाही. भित्तिपत्रक काढ. साने गुरुजी अमळनेरला छात्रालयातल्या पोरांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे, रोज, शाळेचं सगळं काम सांभाळून. तू आठवड्याला एक कार्डशीट लाव, आठवड्यातली एक बातमी आणि त्यावर तुझ्या वर्गातल्या तिघांचं मत, बास. मराठीच्या किंवा राज्यशास्त्राच्या सरांकडनं जिन्याजवळचा एक बोर्ड मागून घे, किल्ली तुझ्याकडे. लिहायला रविवारचा तासभर पुरतो. हात चांगला बसला की क्विझच्या टीमसाठी नाव दे, तीन जणांची टीम असते आणि तयारी पेपर वाचूनच होते. कॉलेजच्या वार्षिकांकाला लेख कधीपर्यंत घेतात ती तारीख ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लागलेली असेल, उद्याच बघून घे, आणि पहाटेच्या पेपरच्या लाइनवर तुला काय काय दिसतं ते लिहून दे. मला पण पाठव एक प्रत.